घटक ४ : बहिणाबाई चौधरी : रोजच्या कामातून उमललेली कविता

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• बहिणाबाई चौधरी यांच्या जीवनाचा परिचय करून देता येईल.
• त्यांच्या रोजच्या कामांचा आणि त्यांच्या काव्याचा संबंध स्पष्ट करता येईल.
• वैधव्यासारख्या दुःखाला त्यांनी काव्यातून कसे उत्तर दिले, ते सांगता येईल.
• त्यांच्या काव्याची भाषा आणि छंद यांची वैशिष्ट्ये विशद करता येतील.
• मौखिक रचना लिखित साहित्यात येताना काय मिळते आणि काय हरवते, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत तुम्ही ज्या कवींचा परिचय करून घेतला, ते बहुतेक शिकलेले होते. त्यांच्यापुढे कागद होता, हाती लेखणी होती आणि त्यांची कविता छापणारी नियतकालिके होती. या घटकात आपण अशा एका कवयित्रीचे जीवन पाहणार आहोत, की जिला अक्षरओळख नव्हती. तिने कविता लिहिली नाही, ती रचली आणि गायली. तीही जात्यावर, शेताच्या बांधावर, चुलीपुढे. तिचे नाव बहिणाबाई चौधरी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या नावाच्या दोन कवयित्री आहेत. संत बहिणाबाई या सतराव्या शतकातील, तुकाराम महाराजांच्या शिष्या. आपल्या अभ्यासाचा विषय असलेल्या बहिणाबाई चौधरी या खानदेशातील शेतकरी कुटुंबातील असून त्यांचा जीवनकाल १८८० ते १९५१ असा आहे. परीक्षेतील उत्तरात या दोघींची गल्लत होणार नाही, याची काळजी घ्या.

बहिणाबाईंच्या काव्याविषयी बोलताना आश्चर्य व्यक्त करण्याची प्रथा आहे. निरक्षर बाईला एवढे कसे सुचले, असा तो आश्चर्याचा सूर असतो. हे आश्चर्य स्वाभाविक असले, तरी अभ्यासकाने तेथेच थांबू नये. दैवी देणगी असे म्हटले, की पुढचा विचार खुंटतो. बहिणाबाईंना जे सुचले, ते कुठे आणि काय करीत असताना सुचले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. त्याचे उत्तर त्यांच्या दिवसभराच्या कामांत सापडते. म्हणून या घटकात आपण त्यांचे चरित्र त्यांच्या कामांच्या अंगाने वाचणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ आसोद्याचे माहेर

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी असे भरलेले घर होते. घरचा व्यवसाय शेतीचा. खानदेशातील काळ्या कसदार जमिनीत कपाशी आणि ज्वारी ही पिके घेतली जात. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी या कामांच्या क्रमानेच तेथे वर्ष मोजले जाई.

हा काळ थोडा नजरेसमोर आणा. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. परंतु खेड्यातील शेतकरी घरांतील मुलींपर्यंत शिक्षण अद्याप क्वचितच पोहोचत होते. बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. मात्र ज्या वातावरणात त्या वाढल्या, ते शब्दांनी समृद्ध होते. जात्यावरच्या ओव्या, सणांची गाणी, कीर्तने, पुराणातील कथा, म्हणी आणि उखाणे हे सारे कानांवर पडत होते. ग्रामीण स्त्रीचे शिक्षण कानांनी होई. एकदा ऐकलेले जन्मभर लक्षात ठेवायचे आणि जरूर पडेल तेव्हा त्यात आपली भर घालायची, ही त्या शिक्षणाची रीत होती.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली या सणाला माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यांवर गाणी म्हटली जातात. वर्षभर कामात जुंपलेल्या लेकींना मोकळा श्वास घेण्याचे हे मोजके दिवस असत. बहिणाबाईंच्या काव्यात माहेर वारंवार येते आणि आखजीवर त्यांचे स्वतंत्र गाणेही आहे.

माहेराविषयीची त्यांची दृष्टी मात्र केवळ हळवी नाही. एका गाण्यात एक योगी आणि एक सासुरवाशीण यांचा संवाद त्यांनी रचला आहे. सासरी राहून सतत माहेराचे गुणगान कशाला, असा योग्याचा प्रश्न आहे. आपण सासरी टिकून राहतो, ते आपल्या मुलीला पुढे माहेर मिळावे म्हणून, असे त्या स्त्रीचे उत्तर आहे. जी स्त्री आज कोणाची तरी लेक म्हणून माहेराची आठवण काढते, तीच उद्या कोणाचे तरी माहेर होते. हा विचार कोणत्याही ग्रंथातून घेतलेला नाही. एका साध्या कौटुंबिक अनुभवाकडे नीट पाहिल्यावर तो हाती आला आहे.

४.२.२ जळगावचे सासर आणि घरोट

वयाच्या १३ व्या वर्षी बहिणाबाईंचा विवाह जळगाव येथील नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. आसोद्याहून जळगाव फार दूर नव्हते, परंतु सासर म्हटले की अंतर कोसांनी मोजले जात नाही. चौधरी वाड्यातील खटल्याच्या घरात त्या सून म्हणून आल्या. दिवसाची सुरुवात पहाटे दळणाने व्हायची. त्यानंतर पाणी भरणे, शेण-गोठा, स्वयंपाक, शेतावरचे काम आणि पुन्हा रात्रीचा स्वयंपाक. या रगाड्यात स्वतःसाठी वेगळा वेळ काढण्याची कल्पनाच त्या काळातील स्त्रीला परिचित नव्हती.

येथे या घटकातील मध्यवर्ती मुद्दा सुरू होतो. बहिणाबाईंनी कवितेसाठी कामातून वेळ काढला नाही. कामाच्या वेळातच कविता केली. जात्याला त्यांच्या बोलीत घरोट म्हणतात. दळताना हात एका लयीत फिरतो, जात्याची घरघर चालू राहते, डोळ्यांसमोर पहाटेचा अंधार असतो आणि मन मोकळे असते. घरोटावरच्या आपल्या गाण्यात त्यांनी स्वतःच्या निर्मितीची प्रक्रिया सांगून ठेवली आहे. पाळीतून जसे पीठ झरते, तसे आपल्या पोटातून गाणे ओठांवर येते, असा त्या कवितेचा आशय आहे. आत दाणा टाकावा लागतो, श्रम करावे लागतात आणि मग बारीक होऊन काहीतरी बाहेर पडते. काव्यनिर्मितीविषयी मोठमोठे सिद्धान्त तुम्ही साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात वाचाल. त्यांच्या शेजारी ही जात्याची प्रतिमा ठेवून पाहा. ती कमी पडणार नाही.

जाते या शब्दावर त्यांनी केलेला श्लेषही लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या वस्तूतून पीठ येते, तिला जाते असे का म्हणावे, असा प्रश्न त्यांना पडला. आपण सर्वांनी हा शब्द हजारदा वापरला असेल; त्यात येणे आणि जाणे यांचा विरोध दडला आहे, हे आपल्याला कधी दिसले नाही. शब्द रोजचा, वस्तू रोजची, परंतु पाहणाऱ्याचे लक्ष जागे होते.

चुलीच्या बाबतीतही तसेच घडले. भाकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तव्याचा चटका बसतो. बहिणाबाईंनी त्या चटक्यात संसाराचा नियम पाहिला : हाताला चटके बसल्यावाचून भाकरी मिळत नाही. आज हा विचार मराठी माणसाच्या तोंडी म्हणीसारखा बसला आहे. तो लोकांना इतका जवळचा का वाटला, याचा विचार करा. त्यात संसाराची तक्रार नाही आणि खोटी स्तुतीही नाही. चटका आणि भाकरी या दोन्ही गोष्टी एकाच तव्यावरच्या आहेत, एवढे स्वच्छ सत्य त्यात आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : १
अ) रिकाम्या जागा भरा.
१) बहिणाबाईंचा जन्म _______ या गावी झाला.
२) खानदेशात अक्षय्य तृतीयेला _______ म्हणतात.
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१) स्वतःच्या काव्यनिर्मितीसाठी बहिणाबाईंनी कोणती प्रतिमा वापरली आहे?

४.२.३ वैधव्य : एका जीवनदृष्टीची कसोटी

रोजच्या लहान गोष्टींत अर्थ शोधणे सुखाच्या दिवसांत सोपे असते. दुःख आले की ही दृष्टी टिकते का, हाच खरा प्रश्न आहे. बहिणाबाईंच्या आयुष्यात ही वेळ फार लवकर आली. वयाच्या ३० व्या वर्षी त्यांना वैधव्य आले. ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी, अशी तीन मुले पदरात होती. त्या काळात विधवा स्त्रीच्या वाट्याला येणारे जिणे तुम्हाला सामाजिक इतिहासावरून ठाऊक आहे. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र ही सौभाग्यचिन्हे काढून घेतली जात. भोवतालच्या माणसांची नजर बदलत असे. कधी ती टाळणारी असे, कधी कीव करणारी.

या प्रसंगावरची त्यांची रचना काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. येथेही त्यांनी मोठ्या तात्त्विक शब्दांचा आधार घेतला नाही. त्यांनी आपले कपाळ आणि आपले मनगट पाहिले. कुंकू पुसले गेले तेव्हा त्याखाली झाकलेली कर्माची रेघ उघडी पडली, असे त्यांना दिसले. पण त्याच कपाळावर गोंदण शिल्लक होते; ते कोणी पुसू शकत नव्हते. बांगड्या फुटल्या, परंतु ज्या मनगटात त्या होत्या, त्या मनगटातील कर्तृत्व फुटले नव्हते. हात पाहून भविष्य सांगणाऱ्या जोतिषाला त्या आपल्या दारी येऊ नकोस म्हणून बजावतात. शेजारणीपाजारणींना आपली कीव करू नका, असे सांगतात. आपल्याला आता आपलाच जीव सोबतीला आहे, या जाणिवेपर्यंत त्या पोहोचतात.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे थांबा. काय गेले याची यादी समाजाने त्यांच्यापुढे ठेवली होती. त्या प्रत्येक गेलेल्या वस्तूच्या जागी काय उरले, हे त्यांनी पाहिले. ही दुःखावरची मलमपट्टी नव्हे. शोक त्या कवितेत आहेच; तो नाकारलेला नाही. परंतु शोक करणारी स्त्री दुसऱ्या दिवशी पहाटे दळायला बसणार आहे, मुलांना जेवू घालणार आहे, शेतावर जाणार आहे. तिला जगण्यासाठी आधार हवा आहे, आणि तो तिला आपल्याच मनगटात सापडतो. लहान गोष्टींकडे पाहण्याची सवय येथे विरंगुळा राहत नाही. ती जगण्याचे बळ होते.

४.२.४ शेत, पाखरे आणि मन

पतीच्या मृत्यूनंतर संसाराचा आणि शेतीच्या कष्टांचा भार बहिणाबाईंच्या अंगावर पडला. त्यांच्या काव्यातील फार मोठा भाग शेतीशी निगडित आहे. पेरणी, कापणी, रगडणी म्हणजे मळणी आणि उपणणी या कामांवर त्यांची स्वतंत्र गाणी आहेत. शेतकऱ्याच्या वर्षाची जणू ती दिनदर्शिकाच आहे. या गाण्यांत निसर्गाचे वर्णन लांबून केलेले नाही. नागर कवी शेताकडे सहलीला गेल्यासारखा पाहतो. बहिणाबाईंचे हात मात्र त्या मातीत होते.

एक उदाहरण पाहू. पेरलेले बियाणे मातीच्या कुशीत निजलेले त्यांना दिसते. वरची माती त्यांना अंगावर घेतलेल्या शालीसारखी वाटते. काही दिवसांनी कोंब वर येतो, त्याला दोन पाने फुटतात आणि ती दोन पाने जोडलेल्या हातांसारखी दिसतात. शेतात काम केलेल्यांनी ही दोन दले पाहिलेली आहेत. त्यांत नमस्कार दिसणे, हे कवीचे काम आहे. देवाचे दर्शन घेण्यासाठी बहिणाबाईंना शेताबाहेर जावे लागले नाही. गीता-भागवत आपल्यासाठी पावसात सामावते आणि मातीतून उगवते, असा भाव त्यांनी विठ्ठलाला उद्देशून व्यक्त केला आहे. पोथी वाचता न येणाऱ्या स्त्रीने शेतालाच पोथी मानले.

विहिरीवरची मोट पाहतानाही हीच दृष्टी काम करते. विहिरीत दोन मोटा असल्या तरी पाणी एकच. कणा आणि चाक निरनिराळे, पण त्यांची गती एकच. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींतील एकत्व, हा भारतीय तत्त्वज्ञानातील गहन विषय. येथे तो मोटेच्या कुरकुरीबरोबर सहज येतो.

सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले असेल. झाडाला टांगलेला तो विणीचा खोपा वाऱ्यावर झुलतो. त्यात पिले आहेत आणि आईचा जीव त्या पिलांत आहे. एवढेसे पाखरू केवळ चोचीने असे घर विणते. माणसाला तर देवाने दोन हात आणि दहा बोटे दिली आहेत, याची आठवण बहिणाबाई करून देतात. हे गाणे आपण बालपणी कौतुकाने म्हणतो. एकटीने मुले वाढवणाऱ्या विधवेने ते रचले आहे, हे ध्यानात घेऊन ते पुन्हा वाचा. खोप्याचा आणि त्या आईचा अर्थ तुम्हाला अधिक खोलवर जाणवेल.

मनावरच्या गाण्यातही प्रतिमा शेतातीलच आहे. उभ्या पिकात शिरलेले ढोर कितीही हाकलले तरी पुन्हा पिकातच येते. बांधावर उभे राहून ज्याने असे ढोर हाकलले आहे, त्यालाच या प्रतिमेचे खरे मोल कळेल. मन एका क्षणी खसखशीच्या दाण्याएवढे आणि दुसऱ्या क्षणी आभाळातही न मावणारे, हा विचारही तेथे येतो. खसखशीचा दाणा, पिकातले ढोर आणि डोक्यावरचे आभाळ अशी रोजच्या ओळखीची साधने बहिणाबाईंनी येथे वापरली आहेत.

जन्म आणि मृत्यू यांविषयी बोलतानाही त्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे बोट दाखवतात. या दोहोंमध्ये एका श्वासाचेच अंतर आहे, असे त्या सांगतात. श्वासापेक्षा लहान आणि नित्याची दुसरी कोणती गोष्ट असणार?

४.२.५ बोली आणि छंद

बहिणाबाईंची भाषा ही पूर्व खानदेशातील लेवा गणबोली होय. प्रमाण मराठीतील ‘ळ’ च्या जागी या बोलीत पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा या शब्दाचे डोया होते, काळा या शब्दाचे काया होते. मला, तुला याऐवजी मले, तुले अशी रूपे येतात. सुरुवातीला ही भाषा काही वाचकांना अवघड वाटते. अशा वेळी गाणे मोठ्याने वाचावे. ते कानांसाठी रचलेले आहे. कानांनी ते लवकर कळते.

त्यांची बहुतेक गाणी ओवीच्या परंपरेतील अष्टाक्षरी वळणाची आहेत. आठ अक्षरांचा चरण जात्याच्या फेऱ्याशी आणि श्वासाच्या लांबीशी जुळतो. एखादा शब्द दोनदा उच्चारून चरण सुरू करण्याची त्यांची लकबही याच गायकीतून आली आहे. पुढचा चरण जुळवायला गाणाऱ्याला तेवढी उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष विषयावर स्थिर होते. म्हणजेच ज्याला आपण शैली म्हणतो, तीही कामाच्या लयीतून घडली आहे.

त्यांच्या विनोदबुद्धीचा उल्लेख केल्याखेरीज हे विवेचन पूर्ण होणार नाही. कशाला काय म्हणू नये, हे सांगणारे त्यांचे एक गाणे आहे. कपाशीवाचून उललेल्या बोंडाला बोंड म्हणू नये, अशा कसोट्या त्या एकामागून एक लावत जातात. वस्तूला तिचे नाव तिच्या गुणामुळे शोभते, हा त्यामागील विचार. जळगावातील छापखाना पाहूनही त्यांनी गाणे केले. कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र वेडा तो वेडाच राहतो, असा टोला त्यांनी त्यात लगावला आहे. अक्षर न ओळखणाऱ्या स्त्रीने अक्षरांच्या यंत्राकडे कुतूहलाने पाहिले. त्याला नावे न ठेवता शिकलेल्या माणसालाच प्रश्न विचारला.

स्वयं-अध्ययन प्रश्न : २
अ) योग्य की अयोग्य ते लिहा.
१) बहिणाबाईंची बहुतेक गाणी अष्टाक्षरी वळणाची आहेत.
२) बहिणाबाईंनी मनाला पिंजऱ्यातील पाखराची उपमा दिली आहे.
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१) बहिणाबाईंच्या काव्याची बोली कोणती?

४.२.६ गाणी कागदावर कशी आली?

बहिणाबाईंचे पुत्र सोपानदेव चौधरी शिकले आणि पुढे मराठीतील कवी म्हणून नावारूपास आले. आईच्या तोंडची काही गाणी त्यांनी आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरवून ठेवली होती. बहिणाबाईंना मात्र आपण कविता करतो असे कधी वाटले असेल, याची चिन्हे दिसत नाहीत. काम करताना गाणे यावे आणि काम संपल्यावर ते विरून जावे, हाच त्यांच्या गाण्यांचा स्वभाव होता.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखवली. अत्रे यांना या रचनांचे मोल तत्काळ उमगले आणि ही गाणी प्रसिद्ध झालीच पाहिजेत असा आग्रह त्यांनी धरला. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाला. महाराष्ट्राला एक मोठी कवयित्री लाभली, तेव्हा ती हयात नव्हती. पुढे तिची गाणी पाठ्यपुस्तकांत आली, चित्रपटांतून व ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले. जिने शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज विद्यार्थी पदव्या घेतात.

या यशोगाथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बहिणाबाईंनी आयुष्यभर जेवढे रचले, त्यातील थोडेच आपल्या हाती आले आहे. कितीतरी पहाटे त्या दळत असतील आणि गात असतील. तेव्हा ऐकायला कोणी नव्हते किंवा असले तरी लिहून घ्यायला नव्हते. त्यांच्याबरोबरीने महाराष्ट्रातील गावोगावी जात्यांवर बसलेल्या असंख्य स्त्रियांची गाणी तर जात्यांबरोबरच थांबली. म्हणून बहिणाबाईंच्या निरक्षरतेचा गौरव करणे योग्य नाही. त्यांच्या गाण्यांना प्रतिभेने आणि श्रमाने जन्म दिला. पण ती जगली ती अक्षरांमुळे, शाळेत गेलेल्या मुलाच्या वहीमुळे. पाहणे आणि लिहून ठेवणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. बहिणाबाईंना एकच साधली होती. दुसरी दुसऱ्यांनी साधली.

दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या चरित्राचे विशेष महत्त्व आहे. तुमच्यापैकी कोणी पाळीवरून घरी येऊन ही पुस्तिका उघडत असेल, कोणी स्वयंपाक उरकल्यावर, कोणी शेताला पाणी देता देता. निवांत वेळ मिळाला असता तर आपणही काही चांगले वाचले-लिहिले असते, ही खंत अनेकांच्या मनात असते. ती खंत खोटी नाही. वेळेची ओढाताण खरीच असते. परंतु बहिणाबाईंना तो निवांत वेळ कधीच मिळाला नव्हता. त्यांच्याजवळ होते ते जागे लक्ष, हाताखालच्या कामाविषयीची आस्था आणि त्यातून उमटणारा प्रश्न. तुमच्याजवळ त्याखेरीज अक्षरही आहे.

४.३ सारांश

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा जन्म आसोदे येथे महाजन कुटुंबात झाला आणि वयाच्या १३ व्या वर्षी जळगावच्या चौधरी कुटुंबात विवाह झाला. ३० व्या वर्षी वैधव्य आल्यानंतर त्यांनी कष्टाने तीन मुलांना वाढवले. जाते, चूल, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा, पिकातील ढोर अशा नित्याच्या गोष्टींतून त्यांनी संसार, मन, देव, जीवन आणि मृत्यू यांविषयीचे चिंतन व्यक्त केले. त्यांचे काव्य कामापासून दूर जाऊन नव्हे, तर कामाच्या लयीतच जन्मले. लेवा गणबोली आणि ओवीपरंपरेतील अष्टाक्षरी रचना ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवलेल्या रचना अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये प्रकाशित झाल्या.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

स्वयं-अध्ययन प्रश्न : १
अ) १) आसोदे २) आखजी
आ) १) जात्यातून झरणाऱ्या पिठाची प्रतिमा बहिणाबाईंनी वापरली आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : २
अ) १) योग्य २) अयोग्य (उभ्या पिकातील ढोराची उपमा दिली आहे.)
आ) १) बहिणाबाईंच्या काव्याची बोली लेवा गणबोली ही होय.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१) बहिणाबाईंच्या काव्यातील प्रतिमा त्यांच्या रोजच्या कामांतून कशा आल्या, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२) वैधव्यावरील रचनेतून बहिणाबाईंची कोणती जीवनदृष्टी प्रकट होते?
३) केवळ दैवी देणगी म्हणून बहिणाबाईंच्या काव्याकडे पाहणे अपुरे का आहे, याची चर्चा करा.

४.६ उपक्रम

१) तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या वृद्ध स्त्रीकडून जात्यावरची ओवी, सणाचे गाणे किंवा म्हण ऐका. तिच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता ती वहीत उतरवून घ्या. ती कोणते काम करताना म्हटली जात असे, तेही नोंदवा.
२) तुम्ही रोज करता असे एखादे काम निवडा. आठवडाभर ते करताना नीट पाहा आणि आधी कधी न दिसलेली एक गोष्ट दररोज दोन-तीन ओळींत लिहा. आठवड्याच्या शेवटी त्या नोंदी मोठ्याने वाचा.